ट्रक मागे घेताना

जयपूर

ती. आईस,
सुवर्णाचा जय भीम.

मी बरी आहे. दादा-वहिनी खूप जपतात. आज ट्रकच्या लायसन्सची परीक्षा झाली. मागच्या वेळी रिव्हर्स घेताना खांबाला धडकून नापास झाले होते.

परीक्षा घेणारे साहेब खालून म्हणाले, "रहने दो मॅडम, आपसे नहीं होगा."

मी घाम पुसला आणि हळूहळू गाडी मागे घेतली. खांबाला लागली नाही. पास झाले, आई! पण उतरायचं त्राणच नव्हतं, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले.

खांदे जरा दुखतात, काळजी करू नकोस. तुझी कंबर कशी आहे? तिला तुझ्याजवळ ठेवून आले म्हणून माझी लेक समता अजून रुसलेलीच आहे का? आता मी गाडीवर लांब लांब जाणार, हे तिला तूच सांग. हसली की रडली, ते मात्र खरं कळव.

तुझी थकलेली लेक,
सुवर्णा