कृष्णाला वारं लागलं नव्हतं

मी, पुंजाराम आसाराम औताडे, वय ६८, निवृत्त फिटर, राहणार हर्सूल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर सांगून लिहवून घेत आहे. गेल्या वर्षी लकव्याने उजवी बाजू गेली. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आहे तो रक्तदाब.

१. हर्सूलचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक माझी सून करुणा कृष्णा औताडे हिला द्यावी. माझी बहीण पारूबाई हरकत घेईल. ती माझ्याच बापाची लेक, ऐंशीची, पण खणखणीत. रोज दाबाची गोळी घेते, तंबाखूला कधी शिवली नाही आणि कोणाचे ऐकत नाही. तिने खुशाल हरकत घ्यावी. घर करुणाचेच.

२. चितेगावच्या कंपनीत तीस वर्षे वापरलेली पान्यांची पेटी शेजारी फारूख यांचा मुलगा हारिस याला. माझी तंबाखूची चंची जाळावी.

३. मुलगा कृष्णा गेला, तेव्हा त्याच्या दहाव्याला मी चार माणसांत म्हणालो, सुनेच्या हाताला मीठ फार, म्हणून पोरगा गेला. ते खोटे होते. भाकरीवर वरून मीठ मी घ्यायचो, माझे बघून तो घ्यायला लागला. तंबाखूही मीच मळून दिली. डॉक्टरांनी दिलेल्या दाबाच्या गोळ्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत, म्हणून मीच बंद करायला लावल्या. आमच्यात लकव्याला वारं म्हणतात. माझा बाप त्यानेच गेला. घराण्यातच आहे, गोळीने काय होणार, असे मी म्हणायचो.

२०२२ साली, पोळ्याच्या सकाळी नऊ वाजता कृष्णाचे तोंड वाकडे झाले, हातातला कप पडला. फारूख धावत आले. "भाई, रिक्षा काढतो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." मी म्हणालो, "वारं लागलंय. खिडक्या लावा, पंखा बंद करा." त्याला गोधडीत गुंडाळून मी तेल चोळत बसलो. करुणा रडत होती, "मामा, लई उशीर व्हायलाय, नेऊ द्या ना." दुपारी तीनला नेले. मेंदूच्या नसेत गुठळी होती. सकाळीच आणले असते तर औषध देता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. करुणाने हे आजवर कोणाला सांगितले नाही. मी तिचा गुन्हेगार आहे.

४. नात सोनिया, वय २०. कॉलेजच्या तपासणीत तिचा दाब वाढलेला निघाला. करमाडचे स्थळ चालून आले म्हणून मी तो कागद कपाटात दडवला आणि तिला गप्प बसवले. कागद आज करुणाकडे दिला आहे. डॉक्टर सांगतात, घराण्यातून धोका येतो, मरण लिहून येत नाही. मीठ, तंबाखू, चुकवलेली गोळी यांनी तो वाढतो. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या रविवारी करमाडच्या पाहुण्यांसमोर वाचावे. ते उठून गेले तर चहा पाजून जाऊ द्यावे. सोनियाने गोळी चुकवू नये. आणि कधी तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली, तर तिने तडक दवाखाना गाठावा. घरातल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारत थांबू नये.

डाव्या अंगठ्याची निशाणी: पुंजाराम आसाराम औताडे

साक्षीदार:
१. फारूख नवाब पटेल, शेजारी (सही)
२. डॉ. मोनिका साळवे (सही)

छत्रपती संभाजीनगर, १४ नोव्हेंबर २०२५