त्याचा दिवा कसा विझला नाही

३ फेब्रुवारी
प्रकाशकांचा फोन. म्हणाले, पहिलं प्रकरण सोसायटीच्या नियमावलीसारखं झालंय, गोष्ट कुठेय? रागच आला. अख्खं गाव मनाने उभं केलंय मी! त्याचे कायदे आधी सांगायला नकोत? वाचणाऱ्याला कळणार कसं? सुधारून पाठवा म्हणालेत.

५ फेब्रुवारी
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, त्यामुळे आईंचा जीव कासावीस. पराग म्हणाला, आईला तुझी कादंबरी वाचून दाखव. बसले वाचायला. 'या गावाची स्थापना...' — दुसरं पान येईपर्यंत त्या घोरत होत्या.

६ फेब्रुवारी
सुरुवातीची कायद्यांची सगळी पानं उडवली. जिवावर आलं.

८ फेब्रुवारी
घोडबंदरच्या बसमध्ये सुचलं. मुलगी हातात दिवा घेऊन दारात उभी. आई विचारते, जेवलीस? मुलगी म्हणते, हो. दिवा विझतो. आई दिवा पुन्हा लावून देते आणि ताट वाढायला घेते.
बस. एवढंच.

९ फेब्रुवारी
वाचून दाखवलं. आई जाग्या राहिल्या! म्हणाल्या मात्र काही नाही. त्यांचं माहेर राई गावचं — तिथे तोंडावर कौतुक करायची पद्धतच नाही.

१० फेब्रुवारी
तिसरं प्रकरण. व्यापारी हातात दिवा धरून एका विधवेला सांगतो, तुझ्या नवऱ्याची होडी मी पाहिलीच नाही. धडधडीत खोटं. मी पुढे वाचत होते, तर आईंनी हात वर केला.
'थांब. त्याचा दिवा कसा इझला न्हाय?'
मी पानाकडे बघतच राहिले. साफ विसरले होते. पण खोटं बोललं की दिवा विझतो, हे मी आता कुठेच लिहिलेलं नाही! त्यांनी ते आपणहून ओळखलं, वर माझीच चूक पकडली. म्हणजे माझं गाव खरंच उभं राहिलंय.
लाज वाटायला हवी होती. मी कणीक मळताना एकटीच हसत होते.

१२ फेब्रुवारी
चूक दुरुस्त करून पाठवलं. खाली नाव टाइप केलं — समिधा. मग अक्षर जरा मोठं केलं.

२७ फेब्रुवारी
प्रकाशकांचा नकार आला. आईंना सांगितलं. त्या काळा चष्मा लावून खाली गेल्या आणि तळमजल्यावरच्या हंसाबेनना घेऊन आल्या.
'आता पयल्यापासून वाच,' म्हणाल्या.