दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

गंजाड

प्रिय दक्षाबाय,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. तुझी आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, आणि मीही. आई म्हणाली, 'प्रिय' काय लिहिता, 'चिरंजीव' लिहा, बापाला तेच शोभतं. मी म्हटलं, पत्र माझं आहे, मला जे शोभायचं ते शोभेल. दसऱ्यापासून तुझा फोन नाही. आईला करतेस, ते मला कळतं, कारण ती फोन घेऊन गोठ्यामागे जाते. माझ्याशी बोलत नाहीस. का बोलत नाहीस, हे मला परवापरवापर्यंत खरंच कळलं नव्हतं. आता कळलंय. म्हणून हे लिहायला बसलोय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी गाडीचं सांगतो. त्याशिवाय पुढचं तुला समजायचं नाही.

पावसाळा सरल्यावर डहाणूच्या चिमणभाईंची जुनी फियाट आपल्या चारोटीच्या गॅरेजवर आली. आली म्हणजे टेम्पोवर बसून आली. वाडीतल्या शेडमध्ये चिकूच्या रिकाम्या क्रेटखाली पडून होती, उंदरांनी सीट कुरतडलेली, इंजिन जाम. चिमणभाईंची मोठी बहीण जयवंतीबेन तलासरीला असते. ती आता घराबाहेर पडत नाही. तिला याच गाडीत बसवून दर्यावर फिरवून आणायचं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात. मुलगा म्हणतो माझी नवी गाडी घेऊन जा, तर हे म्हणतात, त्या गाडीत बसल्यावर लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतं. मला माणूस आवडला. मी म्हटलं, ठेवून जा, पोरीसारखी वागवतो.

आणि वागवली गं! इंजिन पूर्ण खाली उतरवलं. बोअर करून नवे पिस्टन घातले, व्हॉल्व्ह घासून त्यांच्या जागी असे बसवले की वर रॉकेल ओतून ठेवलं तरी थेंब खाली उतरला नाही. सुकऱ्या म्हणाला, मिस्त्री, इतकं तर तुम्ही स्वतःच्या दातांचं करत नाही. तुला सुकऱ्या माहीतच आहे, गॅरेजात हाताखाली काम करता करता माझ्याबरोबर त्याचेही केस पांढरे झाले, पण जीभ अजून तशीच. काम करताना तुझी फार आठवण यायची. लहानपणी तू लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचीस, मी लावतो तशी. मग घरी येऊन तोच आईच्या पोटाला टेकवायचीस आणि सांगायचीस की आत भाकरी हलतेय. आई पदराने तेलाचा डाग पुसत तुला आणि मला मिळून शिव्या घालायची.

तर इंजिन चालू केलं. पहिल्या फटक्यात चालू झालं. चिमणभाईंनी नारळ फोडला, मी पेढा तोंडात टाकला, आणि सुकऱ्यानं मान वाकडी केली. म्हणाला, टिकटिक येतेय. चिमणभाईंनीही मान वाकडी केली. हो, येतेय. समोरचा चहावाला आला, त्यालाही येतेय. मला काही म्हणजे काही ऐकू येईना, दक्षा. इंजिनाची घरघर, तीसुद्धा पलीकडच्या गल्लीतून यावी तशी. पण आवाज येत नाही असं कसं म्हणू? या हायवेवर मी आवाजावरून दुखणं सांगणारा म्हणून ओळखला जातो. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, येणारच, टॅपेट आहे, सेट करायचाय अजून.

तुला हे सगळं माहीत आहे, पण मला सांगायला बरं वाटतं, तर ऐकून घे. व्हॉल्व्हच्या डोक्यावर रॉकर टकटक मारतो आणि त्या दोघांत कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती वाढली की टिकटिक. मी मापाची पातळ पट्टी घालून एकेक फट मोजली. सगळ्या बरोबर. पुन्हा चालू केलं. सुकऱ्या म्हणतो येतेय. पुन्हा मोजलं. बरोबर. चिमणभाई म्हणतात, मिस्त्री, हजी वागे छे, अजून वाजतंय. रॉकरला खालून ढकलणारे पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघितले, एकही वाकलेला नाही. माझं डोकं फिरलं. पट्टी खोटं बोलत नाही, माणसं खोटं बोलत नाहीत, आणि मला काही ऐकू येत नाही. मग मी जे करू नये ते केलं. सुकऱ्याच्या तोंडाकडे बघत बघत टॅपेटचे स्क्रू एकामागून एक आवळत गेलो. त्यानं मान हलवली की अजून थोडा. चिमणभाईंचा चेहरा खुलला तेव्हा थांबलो.

माझे उस्ताद सांगायचे, बोलका टॅपेट चालेल, मुका नको. बोलका नुसती कटकट करतो, मुका व्हॉल्व्ह जाळतो. फटच उरली नाही तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आतली आग त्याच्या कडेनं बाहेर पडते. हे मीच कितीजणांना शिकवलंय. पण लाज माणसाकडून काय काय करवून घेते! चिमणभाईंना शेजारी बसवून मी गाडी तलासरीकडे काढली. सुरुवातीला लोण्यासारखी चालली. पुढे तापली आणि तिनं मान टाकली. चढावर दम धरेना, कार्ब्युरेटरमधून फटफट उलट्या मारायला लागली. तलासरीच्या अलीकडे ढाब्याजवळ बाजूला घेतली. ट्रकवाले खिडकीतून हसत जात होते. चिमणभाईंनी बहिणीला फोन लावला आणि म्हणाले की आज नाही जमत. त्यापेक्षा माझ्या दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी थंड करून, ते स्क्रू थोडे सैल करून, रडतखडत परत आणली. नशीब, व्हॉल्व्ह जळला नव्हता. दुसऱ्या दिवशी सुकऱ्या जेवायला गेला तेव्हा मी एकटाच होतो. वरचं झाकण काढून इंजिन हळू चालू ठेवलं. चालत्या इंजिनात एकेका रॉकरखाली पट्टी सरकवायची, ज्याच्याखाली टिकटिक थांबेल तो चोर. पण थांबली हे कळायला आधी ऐकू तर यायला हवी. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात थ्रॉटल. स्क्रूड्रायव्हर कानाला धरायला तिसरा हात कुठून आणू? वैतागून त्याचं टोक इंजिनाच्या हेडला टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

अगं बाय! डोक्यातच हातोडा पडायला लागला. टक्, टक्, टक्, टक्. इतका स्वच्छ, इतका जवळ, की मी दचकून तोंडातली मूठ सोडली. सोडली की गप्प. पुन्हा दातांत धरली की टक् टक्. ठोके इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मे, म्हणजे आवाज व्हॉल्व्हचाच. पट्टी सरकवत गेलो. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी आलो आणि आवाज थांबला. तो रॉकर काढून उन्हात धरला. त्याच्या नाकावर एक बारीक खड्डा पडला होता, वर्षानुवर्षं एकाच जागी ठोकून पडलेला. पट्टी सपाट, ती खड्ड्यावरून सरळ पलीकडे जायची आणि सांगायची की सगळं बरोबर. फट होती खड्ड्याच्या आत. बाकी सगळं नवं घातलं आणि हाच एक जुना, बोटाला गुळगुळीत लागला म्हणून तसाच ठेवला होता. वापीच्या भंगारवाल्याकडून त्याच मापाचा दुसरा आणला, बसवला, फट ठेवली. आता गाडी बोलते, पण गोड बोलते.

एवढं झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता ना? मी त्या स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. खरंच सांगतो. सुकऱ्या डबा धुऊन आला तर मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून रडतोय. त्याला वाटलं बोट चिरडलं. आवाज सगळा वेळ होता गं, मीच नव्हतो तिथे. आणि आवाज गाडीचाच नव्हे. तुझी आई बडबडते आणि मी 'हं' म्हणतो. गिऱ्हाईक बोलतं आणि मी ओठ बघून अंदाज बांधतो. फोनवर तर ओठही दिसत नाहीत. तू फोन केलास की मी 'बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेव' असं म्हणून आईकडे द्यायचो. तुला वाटलं असेल बाप तुसडा झालाय. पोरगी लांब गेली म्हणून फुगलाय.

त्या संध्याकाळी घरी येऊन तुळशीला, म्हणजे तुझ्या आईला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती पोटाशी धरेल. तिनं आधी मला चांगलंच झाडलं. म्हणाली, गावाला कळलं होतं, फक्त तुम्हाला कळायचं होतं. मग दुसऱ्या दिवशी हाताला धरून डहाणूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी कपाळावर एक चिमटा टेकवला, टणटणणारा, आणि विचारलं ऐकू येतं का. आलं की! त्या म्हणाल्या, नस चांगली आहे, कानाच्या आतलं एक इवलंसं हाड जाम झालंय, हलत नाही. मी म्हटलं, बाई, म्हणजे रॉकर जाम. त्या इतक्या हसल्या की पुढच्या पेशंटनं पडदा बाजूला करून बघितलं. ऑपरेशनही होतं म्हणे, पण आधी मशीन लावून बघा. लावलं. कानामागे बसतं, चिकूच्या बीसारखं दिसतं. पहिले दोन दिवस नुसता छळ. कावळे, ताटल्या, हायवेचे हॉर्न. आणि तुझी आई पुटपुटत असते ते! किती वर्षं माझ्याबद्दल काय काय पुटपुटतेय बाई! मी एका पुटपुटण्याला उत्तर दिलं तर तिच्या हातातून कालवणाचा पळा पडला. आता जपून पुटपुटते.

चिमणभाई गाडी घेऊन गेले. जयवंतीबेनला बसवून दर्यावर नेलं, तिनं काच खाली करून वाऱ्यात डोळे मिटून घेतले, असं ते फोनवर सांगत होते. फोनवर, दक्षा! शब्द न् शब्द ऐकला. आता दुसरा एक पारशीबाबा बोर्डीहून विचारायला आला होता, त्याच्याकडे त्याहून जुनी गाडी आहे. जुन्या गाड्या माझं नाव काढत यायला लागल्या की काय, कोण जाणे.

आता मात्र ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. दसऱ्याला तू फोन केलास, आईला न देता माझ्याशीच बोलायचं म्हणालीस, एवढं फोन उचललेल्या सुकऱ्यानं हातानं खुणावलं म्हणून कळलं. मी गॅरेजच्या दारात उभा होतो. तू बराच वेळ बोललीस. मला फक्त लांब कुठेतरी माशी गुणगुणावी तसं ऐकू येत होतं. शेवटी तू थांबलीस, आणि त्या थांबण्यावरून कळलं की तू काहीतरी विचारलं आहेस. पुन्हा विचार, मला ऐकू आलं नाही, एवढं म्हणायचं होतं. ते मला म्हणवलं नाही. मी म्हणालो, बघू, ठेव आता. तू काय विचारलंस ते परवा आईनं सांगितलं, तिच्यापाशी तू किती रडलीस तेही सांगितलं. चाकणची नोकरी सोडून चारोटीला माझ्याबरोबर काम करू का, जुन्या गाड्यांचं गॅरेज दोघांनी मिळून चालवू का, असं विचारलंस. आणि मी 'बघू' म्हणालो! तुला वाटलं, बापाला पोरगी गॅरेजात नको. अगं वेडे, तू शाळेत असल्यापासून मी हे ऐकायची वाट बघत होतो, फक्त तुला अडकवायचं नाही म्हणून बोललो नाही. माझे कान गेले म्हणून ये, असं मुळीच म्हणत नाही. कान मशीननं आणले, काम मला अजून झेपतं. तू हवीस म्हणून ये. तुझी मनापासून इच्छा असेल तर ये, नसेल तर तिथेच सुखात राहा, माझी माया तसूभर कमी व्हायची नाही. मात्र एक कर. रविवारी दुपारी मला फोन कर, आईला नाही, मला. आणि तोच प्रश्न पुन्हा विचार. उत्तर तर तुला आता कळलंय, पण तो प्रश्न तुझ्या तोंडून मी अजून ऐकलेलाच नाही.

कानाला मशीन लावून फोनशेजारी बसलेला,
तुझाच
बाबा