कुणाची लेक, ते विचारायचं नाही

काराकोल, ६ नोव्हेंबर २००६

चि. आयकानिश हिस, आजी बुरुलचाचा डोक्यावर हात आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

मी शाळेत गेले दोनच वर्षं, तेव्हा अक्षर लावून लावून वाच. तू बिश्केकला बसून शोधलेला पत्ता बरोबर निघाला गं! संगीतशाळेची मागची खोली, कोळशाच्या ढिगाशेजारचं दार, गुरुवारी सहा वाजता. तुझा बाप दारातूनच माघारी वळत होता. मी कोटाची बाही धरून आत ढकलला. पन्नाशीचा घोडा, पण आईपुढे काय चालतं?

आत जाऊन बघते तर काय! बारा माणसं गोल करून बसलेली. एकेक जण नाव सांगतो आणि म्हणतो, मी दारुडा आहे. मोठ्याने! आणि हसत कुणीच नाही. मी सगळ्यांना खायला बोर्सोक तळून नेले होते, पिशवी मांडीवर तशीच राहिली. शेवटी तुझा बाप, आपला सोवेत, उठला. वीस वर्षं मला जे कबूल केलं नाही, ते त्याने बारा परक्यांपुढे सांगितलं. मी रडले, आणि आनंदाने वेडी झाले.

एक मात्र मला पटलं नाही. नुसती नावं! कुणाचा कोण, कुठल्या गावचा, काही नाही. आपल्याकडे वासरालासुद्धा डाग देऊन ठेवतात. म्हणून चहाच्या वेळी मीच सगळ्यांना रीतसर सात पिढ्या विचारल्या. चहा देणारी साइरागुल, जिने तुझ्या बापाला शेजारी बसवून घेतलं, ती कोण निघाली असेल? आमच्या लंगड्या उमसुनायची लेक! जिच्याबरोबर मी तरुणपणी मेंढ्या कातरल्या, साखरेचे तीन खडे टाकल्याशिवाय जिच्या घशाखाली चहा उतरत नाही, तीच ती. मला राहवलं नाही. काल गुरांच्या बाजारात तिला गाठून सांगितलं, तुझी लेक गुरुवारी त्या मंडळींना काय सुरेख चहा पाजते म्हणून. तर ती बाई हातातली बकरी सोडून चालायलाच लागली! थंडी फार होती, त्यामुळे असेल.

आमच्यावर लोभ आहेच, तो ठेव, आणि लोकरीचे मोजे घाल.

तुझी आजी


बिश्केक, १२ नोव्हेंबर

ती. आजीस आयकानिशचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अगं, काय करून बसलीस! तिथे नुसती नावं सांगतात ती मुद्दाम. आत कोण येतं ते बाहेर कळू नये, एवढाच त्यांना आडोसा. साइरागुलने आईलासुद्धा कळू दिलं नव्हतं. बाबांचा निरोप आलाय, परवाच्या गुरुवारी ती आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. ती पुन्हा प्यायला लागली तर? बाबा म्हणतात, जिने मला बसायला जागा दिली तिचीच खुर्ची माझ्या आईने रिकामी केली, आता मी कुठल्या तोंडाने जाऊ? आजी, त्यांचे दहाच दिवस कोरडे गेलेत. दहाच.

साइरागुलच्या मागे जाऊ नकोस. उमसुनायआजीची माफी माग, आणि यापुढे तिथलं कुणाला सांगू नकोस. मलाही नाही.

रागावले आहे, तरी माया कमी करू नकोस.

तुझी आयकानिश


काराकोल, २४ नोव्हेंबर

चि. आयकानिश हिस, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा लावून वाचलं. पाहुण्याला सात पिढ्या विचारणं हा मान, असंच मी जन्मभर समजत आले! तुझ्या पत्रानंतरच्या गुरुवारी तुझा बाप गेलाच नाही. गोठ्यात बसून राहिला. मीही गोठ्याच्या दाराशी बादली पालथी घालून बसले, तो कुठे बाहेर पडेल या धास्तीने.

दुसऱ्या दिवशी उमसुनायकडे गेले. माफी मागितली. तिने चुलीतली राख उकरली. मग एवढंच विचारलं, संगीतशाळेचं दार पुढचं की मागचं. मी म्हटलं, मागचं, कोळशाजवळचं. बाकी एक अक्षर बोलले नाही, तुझी शपथ.

आता कालचं ऐक. मी तुझ्या बापाला कोळशाच्या ढिगापर्यंत आणला. पुढे पाऊल टाकीना. तेवढ्यात साइरागुल आली. एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणत होती. तिने तुझ्या बापाच्या हातात कोळशाची बादली दिली आणि आत आण म्हणाली, जसं काही झालंच नव्हतं. गेला बघ गुमान! आज बावीस दिवस झाले.

ती नवी बाई कोण, कुणाची, मला ठाऊक नाही. जरा लंगडत होती. तिची पाळी आली, ती उठली, नाव सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं. बाई गं! साइरागुलने दिलेली किटली मी खाली ठेवली. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही, आणि तूही विचारू नकोस.

मी तिच्यापुढे पेला ठेवला. परक्या माणसाला विचारावं तसं अदबीनं विचारलं, बाई, साखरेचे खडे किती टाकू. तिने तीन बोटं वर केली, आणि मीही ती बोटं मोजून घेतली, जशी तिला पहिल्यांदाच बघत होते.

तुझी माया अशीच असू दे, म्हातारीच्या चुकांसकट.

तुझी आजी, नुसती बुरुलचा