इंडेक्स, वीजदर आणि आमची सुपारी

५ जानेवारी, चौल
आज एफडी मोडली. वाडीला सोलर पंप बसवायचा म्हणून मी आणि दादाने मिळून ठेवली होती. सगळे पैसे युटिलिटी इंडेक्सच्या फंडात टाकले. म्हणजे वीज, गॅस, पाणी पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांची एकत्र मोट. माणूस सोनं घ्यायचं थांबेल, दिवा लावायचा थांबणार नाही. एकोणऐंशी साली इकॉनॉमिक्स घेऊन बी.ए. झालेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. दादाने विचारलं, नलू, मग पंपाचं काय? म्हटलं, मे महिन्यात दोन घेऊ. सही कुठे करायची, एवढंच त्याने विचारलं. मोठा भाऊ असला तरी आकड्यांत कच्चा.

१९ जानेवारी, सकाळी ९.१५
इंडेक्स वर. संकल्प: दिवसातून एकदाच बघायचा.

९.२०
अजून वर.

९.२६
बघितला नाही. चष्मा पुसताना दिसला.

२ फेब्रुवारी
शेजारच्या वाडीत प्रमोदिनीने सोलर पंप बसवला. आठ पॅनेल अशी मांडलीत, जशी पंगतीची ताटं. जेवायला कावळे. कुंपणावरून म्हणाली, नलूताई, बिलाची कटकट संपली बघा, तुमचा कधी? तिला स्पष्ट सांगितलं, असं वागून वीज कंपन्यांचं नुकसान होतं, जरा देशाचा विचार कर. तर म्हणते, देश येणार का माझी वाडी शिंपायला? शिक्षण कमी पडतं, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी
वीज दरवाढीचा प्रस्ताव आला आहे. ग्राहक समितीची अध्यक्ष मी, तेव्हा सुनावणीत चौल-रेवदंड्याच्या वतीने मीच बोलणार. एकालाही सोडणार नाही.
रात्री क्षिप्राचा पुण्याहून फोन. दादाची मुलगी, माझ्या मोबाइलवर फंडाचं अ‍ॅप तिनेच घातलं. म्हणाली, आत्या, दर वाढले तर तुझा फंड वाढेल ना? मग तू नक्की कुणाच्या बाजूची? मुलगी हुशार, पण पोरकट. मी तत्त्वाने ग्राहक आणि बुद्धीने गुंतवणूकदार. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

४ मार्च
अलिबागला सुनावणी. माझं भाषण जोरदार झालं. कंपन्यांना नफा कमी पडतो हे साफ खोटं, हे मी पुराव्यानिशी दाखवलं. पुरावा घरचाच. मोबाइलमधला इंडेक्सचा आलेख मोठा छापून नेला होता, जिन्यासारखा वर जाणारा. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तो ठेवूनच घेतला. टाळ्या. परतताना रिक्षात दादा म्हणाला, तुला शत्रूची गरज नाही. लक्ष दिलं नाही.

२४ मार्च
दरवाढ फेटाळली! गावात पेढे. आता बाकीची राज्यंही हेच करतील, अशी बाजारात चर्चा आहे म्हणे. इंडेक्स खाली. तात्पुरता.

२७ मार्च
अजून खाली. अजून तात्पुरता.

९ एप्रिल
दुपारपासून वीज नाही. पंप बंद. मोबाइलचा टॉवरही बंद, त्यामुळे इंडेक्स दिसत नाही. एका परीने शांतता. संकल्प आपोआप पाळला गेला.

१३ एप्रिल
वीज आली, ट्रान्सफॉर्मर जळाला, गेली. पोफळींनी माना टाकल्या आहेत. अशा आणखी दोन दुपारी गेल्या तर यंदाची सुपारी विसरायची, असं दादा म्हणतो. त्याला घाबरवायची सवयच आहे. सोलरवाल्याला सहज फोन केला. फंडात उरलंय तेवढ्यात पंप येत नाही. अर्धा पंप मिळत नाही. तेही विचारून झालं.

१५ एप्रिल
सकाळी गावच्या मंडळाकडून माझा सत्कार. शाल आणि नारळ. नारळ आमच्याच वाडीतला, दादाने परवा मंडळाला विकलेला. आभाराच्या भाषणात म्हटलं, ग्राहकाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. माईक मध्येच बंद पडला. वीज.
तशीच घरी आले. दादा वाडीत नव्हता. कुंपणापाशी उभा होता, प्रमोदिनीच्या पंपाला आमचा पाइप जोडत. मला न विचारता! पाणी आलं, पण करंगळीएवढं. प्रमोदिनी म्हणाली, नलूताई, कावळ्यांनी पॅनेल घाण केलीत, त्याने जोर कमी झालाय, एखादं फडकं असेल तर पुसून घ्या पटकन, ऊन उतरेल.
फडकं आणायला घरी जाईतो ऊन उतरलं असतं. अंगावर शाल होती.
आठही ताटं पुसली.