आधी कुठलं इंजिन

मिस्त्री, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही जात नाही. तोंडावर विचारायची छाती झाली नाही, म्हणून आता कागदावर विचारतो. शिवाजी पेठेतल्या आपल्या कारखान्यात दुरुस्तीला आलेली ऑइल इंजिनं दारापासून मागच्या भिंतीपर्यंत तुंबलेली असायची. जो शेतकरी जास्त आरडाओरडा करील त्याचं काम आधी, अशी तेव्हाची रीत. एका सकाळी तुम्ही लेथवाल्याला, लोहाराला आणि मला हत्यारांना हात लावू न देता इंजिनांजवळ उभं केलंत. "हितनं फुडं रोज चा पितापिता ठरवायचं, आज पयलं कुठलं. कोण कवा आलं ते नगं. कोण दम धरतंय आन कोण न्हाय, तेवढं बोला. नवा गडी आधी बोलंल, मी शेवटाला." लोहार खूश झाला. मी नाही. माझ्या वडिलांनी सारी हयात दुसऱ्याच्या रानात काढलेली. मालक मत विचारायला लागला की आपल्या गळ्यात काय घालतोय ते आधी बघावं, हे मी घरातूनच शिकून आलो होतो. मला वाटलं, उद्या गिऱ्हाईक अंगावर आलं की हे आमच्याकडे बोट दाखवून मोकळे होणार.

तसं तुम्ही कधी केलं नाहीत, हे मान्य. पण मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि मला तुमचा पेला दिसला. आल्या आल्या तुम्ही चहाचा पितळी पेला कुठल्यातरी इंजिनावर टेकवायचात, आणि आमच्या तिघांच्या तोंडी नेमकं त्याच इंजिनाचं नाव यायचं. लोहाराला हे सांगितलं तर तो हसला. "लेका, तुला देवाच्या परसादातबी खडा दिसंल." खडा होताच, असं मला आजही वाटतं.

मग दाजींचं विहिरीवरचं, पाणी उपसायचं इंजिन आलं. बिद्रीकडं त्यांनी वाट्यानं रान घेतलं होतं, नवी उसाची लागण केली होती. कोंब वर यायला लागलेत आणि पाणी बंद. लागण गेली तर रान जाणार, आणि माझी बहीण पुन्हा जावांच्या हाताखाली भाकऱ्या बडवायला. त्या सकाळी चहा मीच आणतो आणि तुमचा पेला गुपचूप दाजींच्या इंजिनावर ठेवतो. तुम्ही येता, पेल्याकडं बघता, मग माझ्याकडं. पेला उचलता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो हातात धरून उभे राहता. "बोला," म्हणता.

आमच्यात सगळ्यांत नवा लेथवाला, म्हणून पहिली पाळी त्याची. तो चाचरत म्हणाला, "गुऱ्हाळाच्या घाण्याचं घेऊया. ऊस तुटून पडलाय, वाळाय लागलाय की." लोहारानं मान डोलावली. तुम्ही माझ्याकडं वळलात. "भनीचं हाय, म्हाईत हाय मला. तरीबी बोल."

घाण्याचं इंजिन आधी झालं. दाजींच्याला चार-पाच दिवस लागले, तोवर कोंब करपले होते. रान गेलं. बहीण पेठेत येऊन माझ्यासमोर रडली. "तुझ्या मिस्त्रीला माझंच इंजिन मागं ठेवायचं हुतं व्हय?" मी म्हणालो, त्यांच्या मनात काय असतं कुणाला ठाऊक. पेल्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर त्या दिवशी तो खाली का ठेवला नाहीत? आणि ठाऊक होतं, तर बाकीच्या सकाळी आम्हाला नुसतं खेळवत होतात? नेमकी माझ्या वेळीच सचोटी सुचावी, याचा मला अजून राग येतो.

आता माझा स्वतःचा कारखाना आहे. गडी रोज सकाळी तसेच उभे राहतात, आणि माझ्या मागं ते माझ्याबद्दल काय बोलत असतील याचा मला चांगला अंदाज आहे.

हा कागद मी चुलीत घालणार. बहिणीच्या हाती लागायला नको. ती अजून तुमच्या नावानं बोटं मोडते आणि मी गप्प ऐकून घेतो. त्या सकाळी तुम्ही बोलायच्या आधी माझी पाळी होती, मिस्त्री, आणि मीही घाण्याचंच नाव घेतलं होतं.