फणसाचा चीक आणि कुंदा

रविवार, मे अखेर. मुक्काम सर्वण

आज दुपारी शेजारच्या मंदाच्या पडवीत आम्ही फणसाचे गरे काढत बसलो होतो. आमची जुनी मैत्रीण कुंदा येईल असं वाटलं नव्हतं. भाषेच्या वादात मी मराठीच्या बाजूची, ती कोकणीच्या. वर्षभर बोलणं बंद. पण आली, आणि नेमकी माझ्याशेजारीच बसली. माझी बोटं चिकाने माखलेली बघून म्हणाली, "हातांक तेल लाय गो पयलीं!" आणि स्वतःच खोबरेल चोळलं, बोट न् बोट. मी माफी मागायला हवी होती का? की तिने? कोणीच मागितली नाही. मग संध्याकाळपर्यंत गरे खात नुसत्या गप्पा. मंदा तर हसून हसून आडवी झाली.

आता लिहायला बसले, तर कुंदाशी मी कुठल्या भाषेत बोलले, तेच आठवत नाही.